कंपनीत विचारायचं कोणाला?

परवा नेरूळच्या मार्केटात जुन्या ऑफिसातली मैत्रीण भेटली. "सध्या काय करतेस गं?" म्हणाली. मी म्हटलं, "माणसं शोधते." तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पोलिसात भरती झालेय! मग सांगायला लागले. एक किस्सा झाला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, तो संपत आला की "अगं, तो लोणचेवाला तर राहिलाच!" म्हणून तिसरा. कोथिंबीर हातातच सुकली आणि तिची बस गेली. या कामात जमलं किती ते नका विचारू, पण किस्से इतके साठलेत की आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी माणसं सांगते, नाहीतर तुमचाही माझ्यासारखा गोंधळ होईल.

वनिताकाकू तळवलीच्या, गावातल्याच, आगरी. त्यांच्या घरामागे चाळ आहे. त्या चाळीतल्या शेवटच्या खोलीला पडवी, आणि पडवीत चूल. त्या चुलीवर काकू कोळंबी, बोंबील, वालाचं बिरडं करतात आणि रोहन त्याचे व्हिडिओ करून चॅनेलवर टाकतो. रोहन नेरूळचा. कॅमेरा त्याचा, एडिटिंग त्याचं, आणि आत्मविश्वासही सगळा त्याचाच. मी जुईनगरची. माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे मासे कळायला लागले ते लग्नानंतर. चॅनेलला जाहिराती मिळाव्यात म्हणून कंपन्यांशी बोलायचं काम माझ्याकडे, कारण मला गोड बोलता येतं असं रोहनचं मत. आमच्या घरी विचारा एकदा!

चौथे नाना, म्हणजे काकूंचे मिस्टर. चाळ नानांची. सगळ्या खोल्या भाड्याने दिलेल्या, ही एकच आमच्यामुळे अडकलेली. महापेला नोकरी करणारी पोरं रोज विचारायला येतात. गणपतीत नानांनी सांगून टाकलं, "दिवालीपर्यंत एखादी कंपनी तुमच्यासंगं आली तर आली. नायतर खोली मी भाड्यानं देनार. मंग बोंब मारू नका."

काकूंच्या घरात किचन नाही असं नाही. पण ते आता सुनेचं. मॉड्युलर. तिथे सुकट भाजली की वास तीन दिवस जात नाही म्हणून घरात वाद.

"ही खोली गेली ना मनीषा," काकू एकदा भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "का मी परत सोफ्यावर. सून च्या आनून देनार, मी पिनार, टीवी बगनार. पन्नाशीन पयल्यांदा कोनी माझ्या हाताचं नाव काडलं गं." त्यांचे डोळे भरले. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच चुलीतली लाकडं पुढे-मागे करत बसले.

म्हणजे काम एकच होतं. दिवाळीच्या आत एक कंपनी गाठायची. पण कंपनी म्हणजे नक्की कोण? गेटवरचा वॉचमन कंपनी नाही, फोनवरची बाई कंपनी नाही. मग आहे कोण?

"ताई, टेन्शन नको," रोहन म्हणाला. "आधी रिसर्च. निर्णय कोण घेतो ते काढायचं. त्याची आवडनिवड काढायची. मगच पिच, म्हणजे आपला प्रस्ताव!"

*

पहिला मासा गळाला लागला तो मसाल्याच्या कंपनीचा मार्केटिंग हेड. रोहनने त्याचं प्रोफाइल कोळून प्यायलं होतं. मूळ कोकणातला, ट्रेकला जातो, आजीच्या हातच्या स्वयंपाकावर भावुक होऊन लिहितो. मी मेल लिहिला. त्यात आजी घातली, पाटा-वरवंटा घातला, आणि शेवटी "एकदा जेवायला या" असं लिहून टाकलं.

तासाभरात उत्तर! "शनिवारी येतो."

मी आणि रोहन नाचायचेच बाकी होतो. शनिवारी साहेब आले. शर्ट इन केलेला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. दोनदा कालवण घेतलं. आणि प्रश्न काय एकेक! व्हिडिओ कोण एडिट करतं? आठवड्यात किती दिवस शूट? टीम वाढवायचा विचार आहे का? मी मनातल्या मनात खोली वाचवून मोकळी झाले होते.

हात धुऊन झाल्यावर साहेब जरा जवळ सरकले. "मॅडम, स्पष्टच सांगतो. ती कंपनी मी मागेच सोडली."

"अहो, पण प्रोफाइलवर तर अजून तेच आहे!"

"ते नाही बदललं. सासरे बघतात."

साहेब पुढे म्हणाले, "तुमच्याकडे काही ओपनिंग आहे का?"

मला हसावं की रडावं तेच कळेना. काकूंनी मात्र त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "भाकऱ्या थापता येतात का?"

*

दुसरी कंपनी कढया, कुकर, साबण, सगळंच बनवणारी. तिथे कढयांचं खातं एका मॅडमकडे आहे हे रोहनने शोधलं. या वेळी त्याने जास्तच खोलवर रिसर्च केला. मॅडमच्या पानावर दर गुरुवारी देवळाचा फोटो, एकादशीला साबुदाण्याची थाळी, रोज सकाळी सुविचार.

"प्युअर व्हेज!" रोहनने निकाल दिला. "माशाचं नावही काढायचं नाही."

काकूंचा पारा चढला. "पावनी आमच्या घरान येनार आनि मी तिला अलूवडी वाडू? गाव शेन घालंल माझ्या तोंडान!"

पण खोलीचा प्रश्न होता. काकूंनी निमूटपणे अळूवडी केली, बिरडं केलं, केळफुलाची भाजी केली. खोली फिनेलने पुसली. धूप लावला. पडवीत वाळत घातलेले बोंबील शेजारच्या गच्चीवर रवाना केले. खोलीचा पार मठ करून टाकला आम्ही.

मॅडम आल्या. दारातच थांबून दोनदा वास घेतला. मग ताट बघितलं. मग परत आमच्याकडे बघितलं.

"मासे कुठायत?"

"मॅडम, तुम्ही... म्हणजे ते गुरुवार... एकादशी..." रोहन चाचरायला लागला.

"अच्छा, ते होय! ते पान आमच्या सासूबाई चालवतात. मला त्याचा पासवर्डही माहीत नाही." मॅडमचा चेहरा इतका पडला होता ना! "मी सकाळपासून काही खाल्लं नाहीये हो, सुकटीच्या आशेने."

काकू उठल्या, शेजारच्या गच्चीवर गेल्या आणि पदरात बोंबील घेऊन आल्या. पुढच्या पंधरा मिनिटांत मॅडमच्या ताटात चटणी आणि भाकरी. मॅडमच्या डोळ्यांना तिखटाने पाणी आलं तरी हात थांबला नाही. जाताना काकूंना मिठी मारली. "सोमवारी मेल टाका. झालंच समजा!"

सोमवारी सकाळी मेल टाकला. दुपारी उत्तर आलं. आजपासून त्यांच्याकडे कढया नाहीत. त्यांना साबण दिलाय.

मी काकूंना हे कसं समजावून सांगू? बाई तीच, कंपनी तीच, टेबलही बहुधा तेच. फक्त आजपासून त्या कढईबद्दल बोलू शकत नाहीत. मला तरी कुठे समजलं होतं! काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग इच्चार ना तिला. साबनान मासली शिजवून दाकवू का?"

*

नवरात्र आलं. नाना येता-जाता पडवीत डोकावून विचारायचे, "आली का कंपनी?" जसं काही पाहुणे येणार आहेत आणि गाडी लेट आहे.

तेव्हा रोहनने नवीन टूम काढली. "ऑनलाइन माणसं फसवतात ताई. आपण थेट हेड ऑफिसलाच धडकू." नारळाच्या दुधाची एक कंपनी होती. तिच्या पाकिटावर पत्ता चक्क नेरूळचा! रोहनच्या घरापासून दोन सेक्टर सोडून! रोहन म्हणाला, हे नशीब आहे.

काकू लग्नकार्यातली साडी नेसून आल्या, अंगावर सगळा दागिना. रोहनने ब्लेझर घातला. पत्ता शोधत गेलो तर एक साधी सोसायटी. खाली मुलांच्या सायकली, वर कपडे वाळत घातलेले.

वॉचमनला विचारलं, "इथे कंपनी आहे का?"

"कोणती? दुसऱ्या मजल्यावर लई हायेत."

दुसऱ्या मजल्यावर एक दार, आणि त्या दारावर पाट्याच पाट्या. नारळाचं दूध, पाइप फिटिंग, शाळेचे गणवेश, कसलंतरी एक्सपोर्ट. दारावरची जागा संपली म्हणून दोन पाट्या चपलांच्या रॅकला. इतक्या कंपन्या आणि बेल एकच! ती वाजवली.

एका आजींनी दार उघडलं. हातात निवडायची मेथी. काकूंचे दागिने बघून आधी त्यांना वाटलं आम्ही लग्नाचं आमंत्रण द्यायला आलोय.

मी म्हटलं, "कंपनीत भेटायचं होतं. डायरेक्टरना."

आजी आवाज खाली आणून म्हणाल्या, "कंपनी जेवून झोपलीय. पाचनंतर उठेल."

आम्ही बसलो. काकूंनी मेथीची अर्धी जुडी निवडून दिली. पाच वाजता आतून बनियन आणि बर्म्युड्यातली कंपनी डोळे चोळत बाहेर आली. तो आजींचा मुलगा, सीए. ज्या कंपन्यांची कागदपत्रं तो सांभाळतो, त्यातल्या कित्येकांचा सरकारदरबारी पत्ता म्हणजे हा त्याचा फ्लॅट.

रोहनने उभं राहून सगळं पिच म्हणून दाखवलं. लॅपटॉप उघडून, स्लाइडा दाखवून. सीए मन लावून ऐकत होता. मध्ये मध्ये "छान, छान" म्हणत होता. आम्हाला वाटलं, जमतंय.

शेवटी रोहनने विचारलं, "मग सर, नारळाच्या दुधाचे मालक कधी भेटतील?"

"मी कुठे बघितलेत त्यांना?" सीए म्हणाला. "मला वाटलं तुम्हीच त्यांच्याकडून आलाय! मी म्हटलं, चला, यांची फाइल कशाची आहे ते तरी आज कळेल."

*

लोणचेवाल्याचा किस्सा छोटाच आहे.

लोणच्याच्या कंपनीतल्या एका साहेबांचं नाव मिळालं, पण मेल आयडी मिळेना. रोहनने काय करावं? नाव आधी, आडनाव आधी, मध्ये टिंब, मध्ये काहीच नाही, असे सुचतील तेवढे आयडी बनवले आणि सगळ्यांवर एकच मेल सोडला. बाकीचे परत आले. एक मात्र पोचला, आणि उत्तरही आलं. "इंटरेस्टेड. सॅम्पल घेऊन या."

सॅम्पल! याच्याहून चांगला शब्द असतो का? आम्ही डबे भरून रबाळेला गेलो. एक जाडजूड गृहस्थ आले, उभ्याउभ्याच चव घेतली आणि मान डोलावली.

"चव एक नंबर. पण तिन्ही शिफ्टला जमेल का? नाइट शिफ्टला अंडी लागतात."

मी आणि काकू एकमेकींकडे बघायला लागलो. ते गृहस्थ त्याच नावाचे, पण कंपनीचं कँटीन बघायचे. आम्ही 'पार्टनरशिप' लिहिलं होतं, त्यांना ते डब्याचं काम वाटलं. मला कळलं, काकूंना कळलं. रोहनला नाही. तो म्हणाला, "सर, यात आमचा लोगो कुठे दिसेल?"

"ताटावर छापा की," ते म्हणाले. "पण धुतल्यावर राहील का बघा."

आम्ही ते काम घेतलं की नाकारलं हे मला अजूनही नीट माहीत नाही. दर महिन्याला त्यांचा मेल येतो. "अंड्यांचं काय ठरलं?"

*

दसरा झाला आणि एकदम मोठं काहीतरी झालं. तांदळाच्या एका मोठ्या ब्रँडकडून फोन. व्हिडिओ कॉल करूया म्हणाले. सगळी टीम असेल म्हणाले.

नानासुद्धा आले, खुर्ची घेऊन मागे बसले. कॉल सुरू झाला तर स्क्रीनवर चौकटीच चौकटी. कोणाचा चेहरा, कोणाचा पंखा, कोणाचं नुसतंच काळं. सगळे एकदम गोड! "सो ऑथेंटिक!" "लव्ह इट, काकू!" "किती रॉ आहे हे!"

"रॉ म्हंजे?" काकूंनी मला कोपर मारून विचारलं.

"कच्चं."

"कच्चं? पुरतं शिजलंय ते!" काकूंना राग आला. मी त्यांचा हात दाबून धरला.

मग काकू स्क्रीनजवळ गेल्या, चष्मा लावला आणि एकेक चौकट तपासून म्हणाल्या, "यातला नवरदेव कोन?"

आम्ही हसलो, तेही हसले. पण प्रश्न बरोबर होता हो! कारण पुढे अर्धा तास प्रत्येकजण म्हणत होता, "माझ्याकडून ओके, बाकी यांना काय वाटतं बघूया." हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो हिच्याकडे, ती परत याच्याकडे. शेवटी मी सगळा धीर गोळा करून विचारलं, "माफ करा, पण फायनल कोण करणार? आमची खोली जायची वेळ आलीय."

मग एक मुलगी म्हणाली, "मी जाहिरातवाल्या एजन्सीची." एक म्हणाला, "मी डिजिटल एजन्सीचा." एक म्हणाला, "आम्ही इन्फ्लुएन्सर शोधून देतो." अजून एक, "मी यांच्यासोबत आलोय." एका काळ्या चौकटीने सांगितलं की ती चुकून आलीय, तिची मीटिंग दुसरी होती.

तांदळाच्या कंपनीचं कॉलवर कोणीच नव्हतं!

नाना खुर्ची उचलून उठले. "सगले वऱ्हाडी," म्हणाले. "नवराच नाय." आणि जाता जाता सांगून गेले की रविवारी दोन पोरं खोली बघायला येणारेत.

काकूंनी चूल विझवली आणि पातेली एकात एक रचायला लागल्या, सामान हलवायचं असतं तशी. मला असा संताप आला ना! स्वतःचा, रोहनचा, त्या सगळ्या चौकटींचा. इतकं शोधून, इतकं वाचून, एक माणूस सापडू नये?

*

आता शेवटचा. हा मैत्रिणीला सांगितला तेव्हा तिने बसची वाट बघायचंच सोडून दिलं होतं.

आमच्याकडे एकच नाव उरलं होतं. महापेला ऑफिस असलेल्या तेलाच्या कंपनीचे मार्केटिंग हेड, सौरभ सर. त्यांना मेल झाले होते, मेसेज झाले होते, उत्तर नाही. शुक्रवारी रोहन पडवीत बसून म्हणाला, "ताई, उद्या त्यांचा वाढदिवस आहे. एक छोटा शुभेच्छांचा मेसेज टाकूया. तेवढीच ओळख."

नाना भिंतीला खिळा ठोकत होते, नव्या भाडेकरूंच्या मीटरसाठी. त्यांचा हातोडा थांबला.

"वाडदिवस हाय? त्या तेलवाल्याचा?"

"हो नाना."

"आनि तुमी मेसेज टाकनार? नुसता मेसेज?" नानांना ते इतकं लागलं, की जसा काही आम्ही त्यांचाच अपमान केलाय. "फोटो हाय का त्याचा?"

रोहनने प्रोफाइलवरचा फोटो नानांच्या फोनवर पाठवला. नाना तसेच चप्पल घालून गेले. मला वाटलं, खिळे आणायला गेले.

शनिवारी सकाळी मी जुईनगरहून रिक्षाने तळवलीला येत होते. नाक्यावर आले आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "थांबव, थांबव!"

ठाणे-बेलापूर रोडकडे तोंड करून बॅनर. दुमजली घराएवढा! वर सोनेरी अक्षरात, 'तेलसम्राट!' त्याखाली 'युवकांचे आशास्थान, मार्केटिंग क्षेत्रातील धडाडीचे नेतृत्व, आमचे मार्गदर्शक मा. श्री. सौरभदादा यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!' मध्ये सौरभ सर. म्हणजे डोकं त्यांचं. खालचं धड नानांच्या भाच्याच्या फ्लेक्सच्या दुकानात आधीपासून तयार होतं. पांढरे कडक कपडे, गळ्यात जाड चेन, एक हात फोन धरून कानाला, दुसरा जनतेला. मागे वाघ. खाली शुभेच्छुकांची रांग, नानांचे भाऊ, पुतणे, क्रिकेट टीम. आणि सगळ्यांच्या मधोमध, सगळ्यात मोठ्या गोलात, काकू. हातात पळी.

त्या गावात इतकी वर्षं बॅनर लागतात, पण बाईचा फोटो एवढा मोठा मी तरी पाहिला नव्हता. काकू बॅनरखाली उभ्या होत्या. डोक्यावर पदर. मला म्हणाल्या, "यांना याड लागलंय." पण तिथून हलत नव्हत्या.

रोहन आला, बॅनर बघितला आणि मटकन दगडावर बसला. "ताई, संपलं! त्यांच्या कंपनीची सगळी माणसं याच रोडने जातात!"

आणि झालंच तसं. दुपारी नाक्यावर एक गाडी थांबली. सौरभ सर स्वतः! चेहरा लालबुंद. बॅनर कोणी लावला ते विचारायला उतरले आणि तिथेच फसले. कारण गावात एव्हाना लहान मुलाला विचाराल तरी तो त्यांना ओळखत होता.

"तेलसम्राट आले!"

क्रिकेटवाल्यांनी त्यांना घेरलं. कोणीतरी शाल घातली. कोणीतरी केक आणला. एका म्हातारीने त्यांचा हात धरून सांगितलं की तिच्या गल्लीत पाणी येत नाही, पहिलं ते बघ. एकाने पुतण्याच्या नोकरीचा कागद खिशात कोंबला. आमच्या खोलीपर्यंत पोचेस्तोवर सरांच्या खांद्यावर शाल, हातात नारळ आणि कपाळावर गुलाल.

"कोणाचं काम आहे हे?" ते ओरडले. "आमच्या एमडी मॅडमनी फोन करून विचारलं, इलेक्शनला उभे राहताय का! ऑफिसच्या ग्रुपवर सकाळपासून तोच वाघ फिरतोय!"

मी हात जोडले. "सर, चूक झाली. तुम्हाला मेल केले होते हो, उत्तर आलं नाही..." आणि मला रडूच फुटलं. "दिवाळीनंतर ही खोली जाणार, काकूंची चूल जाणार. आम्हाला काहीच कळत नाही कंपनीत कोणाला विचारायचं असतं ते!"

सर जरा नरमले. खोलीभर नजर फिरवली. चूल, पातेली, पाटा. "व्हिडिओ मी बघितलेत तुमचे," हळू आवाजात म्हणाले. "आमच्या घरी बघतात सगळे."

तेवढ्यात नाना आले. मागे ती दोन पोरं, पाठीला बॅगा. रविवारी यायची होती, शनिवारीच उगवली. त्यातलं एक आत डोकावून म्हणालं, "हीच ना रूम, काका? छान आहे. डिपॉझिट आजच देतो."

काकू चुलीजवळ उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

नानांनी खोलीत बघितलं. काकूंकडे बघितलं. शालीतल्या सौरभ सरांकडे बघितलं. मग पोरांकडे वळून म्हणाले, "रूम नाय."

"अहो काका, पण काल तर तुम्ही..."

"काल होती. आता नाय. दिसत नाय का, मीटिंग चालू हाय?"

पोरं गेली. काकू तशाच खाली बसल्या. नानांनी कोणाकडेच न बघता पाट घेतला, सरांच्या समोर मांडला आणि त्यावर स्वतःच बसले.

"हे बघा काका," सर त्यांना म्हणाले, "मी खरं सांगतो. मला आवडेल हे करायला. पण माझ्या हातात नाहीये. मी फक्त नाव पुढे पाठवतो. फायनल सगळं एमडी मॅडम करतात."

नानांनी खिशातून फोन काढला. चष्मा लावला. भाच्याचा नंबर शोधता शोधता विचारलं, "म्याडमचा वाडदिवस कवा हाय?"

रोहनने डोळे मिटून घेतले. सौरभ सरांनी एकदा नानांकडे बघितलं. मग नारळ खाली ठेवला, दाराबाहेर कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि म्हणाले,

"येत्या गुरुवारी. पण या वेळी फोटो मी देतो."